घरचे स्टुडिओ, बाहेरचे डेव्हलपर आणि कन्सोलचं गणित

मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका न्यायालयात एपिक ही गेम कंपनी विरुद्ध ॲपल हा खटला चालू होता. वाद आयफोनच्या ॲप स्टोअरचा होता, पण साक्षीला मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागातल्या अधिकारी लॉरी राइट आल्या होत्या. एक्सबॉक्स कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, विकून कंपनीला कधी नफा होतो का, असं त्यांना विचारलं गेलं. उत्तर आलं, नाही. वीस वर्षं कन्सोल विकणारी कंपनी शपथेवर सांगत होती की कन्सोल विकण्यात पैसा नाही.

या धंद्यातल्या माणसांना यात काही नवं नव्हतं. खोका तोट्यात किंवा जेमतेम खर्च निघेल अशा किमतीला द्यायचा आणि पुढची सहा-सात वर्षं त्या खोक्यावर जे काही विकलं जाईल त्यातून कमवायचं, ही रीत जुनी आहे. प्लेस्टेशन ५ बाजारात आल्यावर नऊ महिन्यांनी सोनीनं गुंतवणूकदारांना मुद्दाम कळवलं की ४९९ डॉलरचं मॉडेल आता तोट्यात विकलं जात नाही. ही बातमी म्हणून सांगावीशी वाटली, यातच सगळं आलं. निन्टेंडो खोक्यावरही सहसा चार पैसे सुटतील असं बघते, पण तिचीही खरी कमाई गेमचीच.

म्हणजे कन्सोल कंपनीचं सगळं काही गेमवर अवलंबून असतं, आणि गेम येतात दोन वाटांनी. एक, कंपनीच्या मालकीच्या स्टुडिओंनी बनवलेले. त्यांना फर्स्ट-पार्टी म्हणतात. दुसरे, बाहेरच्या स्वतंत्र कंपन्यांनी बनवलेले, म्हणजे थर्ड-पार्टी. कुठल्या वाटेवर किती भर द्यायचा, या एका प्रश्नानं गेल्या पन्नास वर्षांत काही कंपन्या वर नेल्या, काही बुडवल्या. हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड का आहे, ते बघू.

सुरुवात पैशांपासून करावी लागेल. बाहेरच्या कंपनीचा ७० डॉलरचा गेम कन्सोलच्या ऑनलाइन दुकानातून विकला गेला की साधारण ३० टक्के, म्हणजे २१ डॉलर, कन्सोल कंपनीकडे राहतात. तो गेम बनवायला तिनं छदामही घातलेला नसतो. गेम आपटला तर नुकसान बनवणाऱ्याचं, चालला तर हिस्सा दोघांचा. आता घरचा गेम घ्या. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीनं दिलेल्या कागदपत्रांतले काही आकडे मार्करनं खोडले होते, पण ते इतके अर्धवट खोडले गेले की स्कॅनमध्ये वाचता आले. त्यातून कळलं की ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ बनवायला सुमारे २२ कोटी डॉलर लागले आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला सुमारे २१ कोटी. हा नुसता बनवण्याचा खर्च. पहिल्या गेमची किंमत होती ६० डॉलर. त्यातला एकेक डॉलर थेट सोनीच्या हातात पडला असं धरलं तरी खर्च निघायला जवळजवळ ३७ लाख प्रती विकाव्या लागतात. (त्या विकल्या गेल्या, आणि पहिल्या तीन दिवसांतच ४० लाखांच्या वर. पण असं प्रत्येक गेमच्या नशिबी नसतं.) तेच २२ कोटी डॉलर दर गेममागे २१ डॉलरच्या कमिशनमधून मिळवायचे तर एक कोटीच्या वर गेम विकले जावे लागतात. हा आकडा मोठा वाटतो, पण ते एक कोटी गेम शेकडो कंपन्यांचे मिळून असतात आणि त्यातला एकही पडला तरी आपली झोप उडत नाही.

मग शहाण्या माणसानं नुसतं कमिशनच का खाऊ नये? घरी गेम बनवण्याच्या भानगडीत पडायचंच कशाला?

कारण जो गेम सगळ्या खोक्यांवर मिळतो, तो कुठलाही एक खोका घ्यायचं कारण देत नाही. फुटबॉलचा गेम प्लेस्टेशनवरही आहे आणि एक्सबॉक्सवरही. त्यासाठी कोणी या दोघांत निवड करत नाही. मारिओ खेळायचा असेल तर मात्र निन्टेंडोचंच यंत्र लागतं. तेव्हा ढोबळ हिशोब असा: घरचे गेम खोका घरात शिरवतात आणि बाहेरचे गेम पुढची सहा वर्षं त्या खोक्यातून पैसा काढतात. हे वाचून वाटेल की दोन्ही हातात हात घालून चालत असतील. पण नाट्यगृहाचा मालक स्वतःची नाटकंही लावू लागला की काय होतं? चांगल्या तारखा, चांगली वेळ, दारावरचा मोठा फलक कोणाला मिळतो, यावर बाहेरच्या संस्थांचं बारीक लक्ष असतं. मालकाची नाटकं पडेल असतील तर नाट्यगृहाचं नाव होत नाही. फार चालली तर बाहेरचे म्हणतात, इथे आपल्याला कोण विचारतो. कन्सोल कंपनी एकाच वेळी जागेची मालकीण असते आणि त्याच जागेतली स्पर्धकही.

बाहेरचे आले कसे

मजा म्हणजे सुरुवातीला ‘बाहेरचे’ ही कल्पनाच नव्हती. अटारीनं १९७७ मध्ये आपलं घरगुती यंत्र बाजारात आणलं तेव्हा त्याचे गेमही अटारीच बनवायची. बनवणाऱ्या प्रोग्रामरचं नाव गेमच्या वेष्टनावर नसे आणि विक्रीत त्याला हिस्साही नसे. सर्वाधिक खपाच्या गेममागचे चार प्रोग्रामर याला कंटाळून बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. कन्सोल स्वतः न बनवता दुसऱ्याच्या कन्सोलसाठी गेम बनवणारी ही पहिली कंपनी. अटारीनं दावा ठोकला. १९८२ मध्ये तडजोड झाली: ॲक्टिव्हिजन रॉयल्टी देणार आणि गेम विकणार. आज आपण ज्याला कमिशन म्हणतो त्याचं मूळ इथे आहे.

पण दार उघडलं ते कुठल्याही चौकटीशिवाय. कोणीही उठून अटारीसाठी गेम बनवू लागला, दुकानं रद्दी गेमनी भरली, गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला आणि १९८३ पासून अमेरिकेतला कन्सोलचा बाजार कोसळला. कारणं इतरही होती, अटारीच्या स्वतःच्या घाईगर्दीत काढलेल्या गेमचा वाटाही लहान नव्हता. तरी पुढच्या पिढीनं एक धडा पक्का घेतला: बाहेरच्यांना आत घ्यायचं, पण चाव्या आपल्याकडे ठेवायच्या.

हा धडा निन्टेंडोनं जरा जास्तच मनावर घेतला. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या तिच्या एनईएस यंत्रात एक कुलूपचिप होती. परवाना नसलेली कार्ट्रिज, म्हणजे गेम भरलेली, यंत्रात खोचायची डबी, त्यात चालतच नसे. परवान्याच्या अटी आज वाचल्या तर डोळे विस्फारतात. वर्षाला पाचच गेम काढायचे. निन्टेंडोसाठी काढलेला गेम दोन वर्षं दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर आणायचा नाही. कार्ट्रिज निन्टेंडोच बनवणार आणि त्याचे पैसे आगाऊ भरायचे. माल खपला नाही तर ते तुमचं तुम्ही बघा. कोनामी या गेम कंपनीनं पाच गेमच्या अटीतून वाट काढायला अल्ट्रा गेम्स नावाची वेगळी कंपनीच उभी केली होती. एवढं असूनही सगळे निन्टेंडोच्या दारात रांग लावून उभे होते, कारण गिऱ्हाईक तिथेच होतं. दुसरी सोय नव्हती तोवर हे चाललं.

प्लेस्टेशनची चाल

दुसरी सोय सोनीनं केली, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे.

डिसेंबर १९९४ मध्ये जपानात पहिला प्लेस्टेशन आला तेव्हा सोनीकडे घरचे गेम जवळजवळ नव्हते. निन्टेंडोकडे मारिओ आणि झेल्डा, सेगाकडे सॉनिक. सोनीकडे १९९३ मध्ये विकत घेतलेला लिव्हरपूलचा सिग्नोसिस हा स्टुडिओ आणि थोडंफार काही. ही उणीव त्यांनी उलटवली. आपल्याकडे स्पर्धेला उतरायला फारसं काही नाही, म्हणून बाहेरच्यांना आपली भीतीही नाही. नामको ही आर्केडमधली, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांमधली, बडी कंपनी ‘रिज रेसर’ घेऊन पहिल्याच दिवशी हजर होती. गेम बनवायची साधनं सोपी, रॉयल्टी परवडणारी आणि मुख्य म्हणजे गेम सीडीवर.

सीडीचं महत्त्व नीट समजून घ्यायला हवं. कार्ट्रिज महाग असायची आणि ती बनून यायला कित्येक आठवडे लागायचे. प्रकाशकाला आधीच अंदाज बांधावा लागे की किती प्रती खपतील. कमी मागवल्या तर ऐन विक्रीच्या काळात माल संपे, जास्त मागवल्या तर पैसा गोदामात अडके. सीडी स्वस्त, काही दिवसांत तयार. थोड्या काढा, खपल्या की पुन्हा काढा. बाहेरच्या कंपनीच्या डोक्यावरची जोखीमच सोनीनं उतरवली. शिवाय जागा: एका सीडीवर साधारण ६५० मेगाबाइट मावत, तर निन्टेंडो ६४ ची मोठ्यात मोठी कार्ट्रिज ६४ मेगाबाइटची. स्क्वेअर ही जपानी कंपनी तोवर ‘फायनल फॅन्टसी’ मालिका निन्टेंडोच्या यंत्रांवर काढत आली होती. सातवा भाग तिनं प्लेस्टेशनवर नेला. १९९७ मध्ये तो तीन सीडींवर आला आणि प्लेस्टेशनचं जपानातलं आसन पक्कं झालं.

निन्टेंडो ६४ अमेरिकेत १९९६ मध्ये आला तेव्हा दुकानात त्याचे दोनच गेम होते आणि दोन्ही निन्टेंडोचेच. त्यातला ‘सुपर मारिओ ६४’ त्रिमितीय गेमची भाषा घडवणारा ठरला. यंत्राची ताकद प्लेस्टेशनपेक्षा कमी नव्हती. घरचे गेम तर एकाहून एक. पण एका उत्तम गेमनंतर पुढचा येईपर्यंत मधे महिने रिकामे जात, कारण बाहेरच्यांनी पाठ फिरवली होती. शेवटी प्लेस्टेशन दहा कोटींच्या पुढे गेला, निन्टेंडो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास थांबला. घरात सर्वोत्तम गेम असणं आणि बाजार जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा उघड झालं.

सेगाची गत याहून वाईट झाली. १९९५ मध्ये तिनं सॅटर्न हा कन्सोल अमेरिकेत ठरल्या तारखेच्या चार महिने आधी अचानक विक्रीला काढला. स्पर्धकाला चकवायचं होतं, पण चकले बाहेरचे डेव्हलपर. त्यांचे गेम ठरल्या तारखेच्या हिशोबानं तयार होत होते. पुढच्या ड्रीमकास्टच्या वेळी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं (ईए), म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या क्रीडा-गेमवाल्यांनी, नकार दिला. सेगा अमेरिकेचे तेव्हाचे प्रमुख बर्नी स्टोलर यांनी नंतर सांगितलं की ईएला ड्रीमकास्टवर क्रीडा-गेमची मक्तेदारी हवी होती, आणि सेगानं तर नुकताच व्हिज्युअल कन्सेप्ट्स हा क्रीडा-गेम बनवणारा स्टुडिओ विकत घेतला होता. घरच्या स्टुडिओचे गेम चांगले निघाले, तरी ईएची जागा भरली नाही. जानेवारी २००१ मध्ये सेगानं ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ती स्वतःच बाहेरची झाली. आज सॉनिक निन्टेंडोच्या यंत्रावर धावतो.

मग घरच्या स्टुडिओंचा उपयोग काय

एवढं वाचून वाटेल की बाहेरचेच सर्वस्व. तसं नाही, आणि त्याचा पुरावा पुन्हा सोनीच देते.

२००६ चा प्लेस्टेशन ३ महाग होता आणि त्यावर गेम बनवणं कटकटीचं होतं. त्याचा सेल नावाचा प्रोसेसर कागदावर प्रचंड ताकदीचा, पण त्याला कामाला लावायची रीत वेगळीच. सोनीचे हार्डवेअर-रचनाकार मार्क सर्नी यांनी नंतर एका व्याख्यानात याचं एक साधं मोजमाप सांगितलं: नवं यंत्र हाती आल्यापासून पडद्यावर पहिली त्रिमितीय आकृती उमटवण्याइतपत पायाभूत काम उभं करायला किती वेळ लागतो? पहिल्या प्लेस्टेशनला एक-दोन महिने, दुसऱ्याला तीन ते सहा, तिसऱ्याला सहा ते बारा. ज्या सोनीनं बाहेरच्यांचं काम सोपं करून बाजार मिळवला, तिनंच ते दर पिढीला अवघड करत नेलं होतं. वर्षभर आधी आलेला एक्सबॉक्स ३६० तुलनेनं सरळ होता. साहजिकच बाहेरच्यांचे गेम तिकडे आधी आणि बरे चालू लागले. २००८ मध्ये तर ‘फायनल फॅन्टसी १३’ एक्सबॉक्सवरही येणार असं जाहीर झालं.

त्या काळात प्लेस्टेशनला धरून ठेवलं ते नॉटी डॉग, गुरिल्ला, सांता मोनिका अशा घरच्या स्टुडिओंनी. बाहेरची कंपनी अवघड यंत्रापासून लांब जाऊ शकते. घरच्याला ती मुभा नसते. त्याला झक मारत यंत्र शिकावं लागतं आणि त्यातून काय निघू शकतं हे जगाला दाखवावं लागतं. शिवाय शिकलेलं ज्ञान वाटताही येतं. नॉटी डॉगमध्येच बसणारा आइस टीम नावाचा गट प्लेस्टेशनसाठी ग्राफिक्सची साधनं बनवतो आणि ती बाहेरच्या डेव्हलपरांपर्यंतही पोचतात. गुरिल्लानं आपलं डेसिमा हे इंजिन, म्हणजे गेमच्या पायाचं सॉफ्टवेअर, बाहेरच्या कोजिमा प्रॉडक्शन्सला वापरायला दिलं. २०१९ चा ‘डेथ स्ट्रँडिंग’ त्यावर बनला. घरचे स्टुडिओ म्हणजे नुसते गेमचे कारखाने नव्हेत, कंपनीला आपल्याच यंत्राची कळ कुठे आहे ते आतून कळवणारी ती माणसं असतात.

प्लेस्टेशन ४ बनवताना सर्नी यांनी आधी डेव्हलपरांना गाठून विचारलं, तुम्हाला काय हवंय. ती पहिली आकृती पुन्हा एक-दोन महिन्यांवर आली. उरलेला इतिहास विक्रीच्या आकड्यांत आहे: ११ कोटींहून जास्त.

घरचा आणि बाहेरचा यांच्या मधे एक तिसरा प्रकारही असतो, आणि जाणकार लोक खरी चलाखी तिथेच पाहतात. स्टुडिओ स्वतंत्र, पण पैसा कन्सोल कंपनीचा आणि गेम फक्त तिच्या यंत्रावर. इन्सोम्नियाक हे याचं उत्तम उदाहरण. १९९४ मध्ये स्थापन झालेला हा स्टुडिओ वीसेक वर्षं सोनीसाठी गेम बनवत राहिला. मधे एकदा, २०१४ मध्ये, ‘सनसेट ओव्हरड्राइव्ह’ मायक्रोसॉफ्टसाठीही बनवला. सोनीनं त्याला विकत घेतलं ते २०१९ मध्ये, ‘स्पायडर-मॅन’ तुफान चालल्यानंतर, सुमारे २२.९ कोटी डॉलरना. म्हणजे घेताना माणसं कोण, काम कसं, वेळ पाळतात का, सगळं माहीत. निन्टेंडोची तर अनेक जुनी नाती अशीच आहेत. पोकेमॉनचे मुख्य गेम बनवणारी गेम फ्रीक ही कंपनी आजही निन्टेंडोच्या मालकीची नाही.

याउलट पैसे मोजून रातोरात घर भरायला गेलं की काय हाती लागेल याचा भरवसा नसतो. रेअर या ब्रिटिश स्टुडिओत निन्टेंडोची ४९ टक्के भागीदारी होती. ‘गोल्डनआय’, ‘बँजो-काझूई’ असे गेम निन्टेंडो ६४ ला त्याच स्टुडिओनं दिले. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो ३७.५ कोटी डॉलरना पूर्ण विकत घेतला. गेम येत राहिले, पण जुनी जादू परतायला ‘सी ऑफ थीव्ह्ज’पर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत थांबावं लागलं. स्टुडिओ विकत घेता येतो. तो ज्या संपादकी नजरेखाली, ज्या घाईविना काम करायचा ती परिस्थिती सौद्यात येत नाही.

सोनीलाही हे २०२४ मध्ये कळलं. फायरवॉक हा स्टुडिओ तिनं वर्षभरापूर्वीच विकत घेतला होता. त्याचा ‘काँकर्ड’ ऑगस्टच्या अखेरीस आला आणि दोन आठवड्यांत मागे घेऊन गिऱ्हाइकांना पैसे परत द्यावे लागले. ऑक्टोबरमध्ये स्टुडिओच बंद झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोनीनं प्रकाशित केलेला ‘हेलडायव्हर्स २’ बारा आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती खपला. तो बनवणारी स्वीडनची ॲरोहेड ही कंपनी सोनीच्या मालकीची नाही. एवढ्यावरून नियम काढू नये, पण फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवावेत असे हे दोन आकडे आहेत.

निन्टेंडो: बाहेरच्यांविना जगणारी?

इथे वाचक विचारेल, निन्टेंडो तर घरच्याच गेमवर जगते ना? बऱ्याच अंशी हो, पण त्यालाही किंमत आहे. २०११ मध्ये विई यू जाहीर करताना ईएचे प्रमुख मंचावर येऊन अभूतपूर्व भागीदारीची घोषणा करून गेले. प्रत्यक्षात चार गेम आले आणि ईए निघून गेली. पाठोपाठ बाकीचेही. घरच्या स्टुडिओंना तेव्हा दोन यंत्रं जगवायची होती, एक टीव्हीचं आणि एक हातातलं थ्रीडीएस. दोन्हीकडे पुरेसे गेम वेळेवर देणं जमेना. विई यू १ कोटी ३६ लाखांच्या आसपास थांबला.

२०१७ च्या स्विचमध्ये निन्टेंडोनं दोन्ही यंत्रं एक केली, आणि त्यामुळे घरची सगळी माणसंही एकाच यंत्रासाठी काम करू लागली. हे कौतुक सहसा यंत्राच्या रचनेचं होतं; मला ते मनुष्यबळाच्या हिशोबाचं जास्त वाटतं. मार्चमध्ये झेल्डा, एप्रिलमध्ये मारिओ कार्ट, मग ‘आर्म्स’, ‘स्प्लॅटून २’, ऑक्टोबरमध्ये ‘सुपर मारिओ ओडिसी’: पहिल्या वर्षात खंड पडलाच नाही. यंत्र खपू लागलं तशी बाहेरची मंडळी आपोआप आली. ‘डूम’ आणि ‘स्कायरिम’ त्याच वर्षी स्विचवर आले. युबिसॉफ्ट या बाहेरच्या कंपनीच्या हाती तर निन्टेंडोनं चक्क मारिओ सोपवला आणि ‘मारिओ + रॅबिड्स’ बनला. बाहेरच्यांना बोलावण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्यांच्याशिवाय आपलं चालतं हे दाखवणं, असं काहीसं उलटं तर्कशास्त्र यात आहे.

मायक्रोसॉफ्ट आणि ६८.७ अब्ज डॉलर

आता या गोष्टीतलं सर्वांत महाग प्रकरण. एक्सबॉक्स वन, म्हणजे ३६० नंतरचा कन्सोल, सोनीच्या मागे पडला तेव्हा मायक्रोसॉफ्टकडे घरचे स्टुडिओ फारच थोडे उरले होते. २०१८ पासून तिनं खरेदी सुरू केली. त्याच वर्षी तिनं असंही ठरवलं की घरचा प्रत्येक नवा गेम पहिल्या दिवसापासून गेम पास या मासिक वर्गणीत द्यायचा. त्यामुळे वरचं सगळं गणित बदललं. वर्गणीला दर महिन्याला नवं काही द्यावं लागतं. बाहेरच्यांचे मोठे गेम पहिल्या दिवशी हवे तर त्यांना भलीमोठी रक्कम आगाऊ मोजावी लागते. त्यापेक्षा स्टुडिओच घेतलेला बरा, असा विचार. २०२० मध्ये ‘स्कायरिम’ काढणाऱ्या बेथेस्डाची मालक झेनिमॅक्स साडेसात अब्ज डॉलरना घ्यायचं ठरलं आणि जानेवारी २०२२ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डसाठी ६८.७ अब्जांचा सौदा जाहीर झाला. तीच ॲक्टिव्हिजन, जिच्यापासून ‘बाहेरचे’ ही जात सुरू झाली.

अमेरिका आणि ब्रिटनच्या नियामकांनी सौदा अडवायचा प्रयत्न केला. त्या झगड्यात बाहेर आलेली माहिती या विषयाच्या अभ्यासकाला मेजवानीच आहे. २०२१ मध्ये प्लेस्टेशनवरच्या सुमारे १० लाख लोकांनी ॲक्टिव्हिजनचा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ सोडून दुसरं काहीच खेळलं नव्हतं. दुसऱ्याच्या मालकीच्या एका गेमवर सोनी किती टेकून आहे हे तिलाच सांगावं लागलं. सोनीच्या प्लेस्टेशन विभागाचे तेव्हाचे प्रमुख जिम रायन यांनी आणखी एक अडचण मांडली, जी बाहेरच्या माणसाला सहज सुचत नाही. नवा कन्सोल येण्याच्या कितीतरी आधी त्याचे बारकावे मोठ्या डेव्हलपरांना दाखवावे लागतात, तरच पहिल्या दिवशी गेम तयार असतात. ॲक्टिव्हिजन मायक्रोसॉफ्टची झाली तर आपल्या पुढच्या यंत्राची गुपितं तिला कशी दाखवायची? बाहेरचा डेव्हलपर बाहेरचा असणं, म्हणजे कोणाचाच नसणं, यावर किती विश्वास उभा असतो ते यातून कळतं.

सौदा ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाला, पण त्याआधी मायक्रोसॉफ्टला ‘कॉल ऑफ ड्यूटी’ दहा वर्षं प्लेस्टेशनवर देण्याचा करार करावा लागला. खरं तर करार नसता तरी तिला तेच करावं लागलं असतं. एवढे पैसे ओतल्यावर निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवणं कुठल्या हिशोबात बसतं? २०१४ मध्ये अडीच अब्जांना घेतलेला ‘माइनक्राफ्ट’ तिनं सगळ्या यंत्रांवर चालू ठेवला होता, तेव्हाच याची चुणूक दिसली होती. घर भरता भरता ते इतकं मोठं झालं की आपला खोका त्याला पुरेना. मे २०२४ मध्ये टँगो गेमवर्क्स आणि अर्केन ऑस्टिन हे घरचे स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय झाला. टँगोच्या ‘हाय-फाय रश’ला आदल्याच वर्षी वाहवा मिळाली होती. (हा स्टुडिओ पुढे क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीनं उचलला.) दुसरीकडे घरचे गेम शेजाऱ्याकडे जाऊ लागले. ‘सी ऑफ थीव्ह्ज’ गेला, ‘फोर्झा होरायझन ५’ गेला, ‘इंडियाना जोन्स’ गेला.

सोनीची दारंही पूर्वीइतकी घट्ट नाहीत. तिचा बेसबॉलचा गेम २०२१ पासून एक्सबॉक्सवर मिळतो, घरचे बरेच गेम काही काळानं पीसीवर येतात. खर्च २२ कोटींच्या घरात गेल्यावर एकाच खोक्याच्या गिऱ्हाइकांवर तो वसूल करणं तिलाही जड जातंय. निन्टेंडोला हा प्रश्न अजून तितका टोचत नाही, एक तर तिचे गेम बनवायला सहसा कमी पैसे लागतात आणि दुसरं, तिची पात्रं आज दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या कन्सोलवर मिळत नाहीत.

२६ ऑगस्ट २०२५ या एकाच तारखेला दोन गोष्टी घडल्या. एक्सबॉक्स ३६० ची ओळख असलेला ‘गिअर्स ऑफ वॉर’ नव्या रूपात प्लेस्टेशनवर आला, आणि सोनीनं प्रकाशित केलेला ‘हेलडायव्हर्स २’ एक्सबॉक्सवर. पहिल्याच्या डिजिटल विक्रीतला हिस्सा सोनीला जातो, दुसऱ्याच्या विक्रीतला मायक्रोसॉफ्टला. दोन महिन्यांनी ‘हेलो’ही प्लेस्टेशनवर येणार असल्याचं जाहीर झालं, २००१ मध्ये पहिला एक्सबॉक्स खपवला तो याच गेमनं.